सूज थांबवायची म्हणून पांढऱ्या पेशींचे हातच बांधायचे?

रामबागकर: काल सुदामानगरच्या भाऊंनी लिहिलं, "ॲडहेजन रेणू, म्हणजे पेशींना चिकटवून धरणारे रेणू, अडवणारी औषधं सरसकट द्या. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीला चिकटल्याच नाहीत तर सूज नाही, इजा नाही." वाचून रात्री झोप लागली नाही. भाऊ, न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी आधी सिलेक्टिन या सैल पकडीच्या रेणूंच्या आधाराने रक्तवाहिनीच्या भिंतीवरून घरंगळते, मग आपल्या अंगावरच्या इंटिग्रिनने भिंतीवरच्या आयकॅम-१ या रेणूला घट्ट धरते, तेव्हा कुठे पलीकडे उतरते. ही पकडच काढली तर जंतूंशी लढायचं कोणी?

सुदामानगरवाला: माझ्या वडिलांची बंद धमनी वेळेत उघडली, तरी हृदय कमजोरच राहिलं. रक्त परत सुरू झालं की न्यूट्रोफिल घुसून वाचलेला स्नायूही बिघडवतात. प्राण्यांत सीडी१८, म्हणजे त्या इंटिग्रिनचाच एक भाग, अडवल्यावर ही इजा कमी झालेली आहे.

रामबागकर: प्राण्यांत! आयकॅम-१ अडवणारं एन्लिमोमॅब स्ट्रोकच्या रुग्णांना दिलं, तर ते जास्त बिघडले.

सुदामानगरवाला: ते उंदराचं प्रतिपिंड होतं, माणसाच्या शरीराला परकं. त्याचा दोष माझ्या माथी का मारता?

मालव्याची मावशी: भांडा खुशाल, पण हे ऐका. माझ्या भाच्याची नाळ महिना उलटला तरी पडेना. आई रोज म्हणायची, काहीतरी चुकतंय. दवाखान्यात उत्तर एकच: "पू नाही ना, मग काळजी नको." पू कुठून होणार? रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, जखमेत एकही उतरत नव्हती. तुमच्या त्या पकडीच्या सीडी१८मध्येच खोट आहे हे तपासणीत कळलं तेव्हा पोर सात महिन्यांचं होतं. बोन मॅरो बदलला म्हणून आज तो आहे.

नवी आई: मावशी, बाळंतिणींना घाबरवू नका. आमची नाळ बाराव्या दिवशी पडली, तोवर सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं.

मालव्याची मावशी: बारा दिवस नेहमीचेच गं. तीन-चार आठवडे उलटले आणि वारंवार इन्फेक्शन होतंय, तर गप्प बसू नका. घाबरवत नाही, आमचे सहा महिने गेले म्हणून सांगते.

पलासियाकर: नाळेला हळद-तेल लावलं की लवकर पडते.

मालव्याची मावशी: काहीही लावू नका! कोरडी ठेवा. याच सल्ल्याने भाच्याची बेंबी चिघळली होती.

सुदामानगरवाला: मावशी, "सरसकट" शब्द मागे घेतो. पण आतड्याकडे जाणाऱ्या पेशीच अडवणारं व्हेडोलिझुमॅब २०१४पासून वापरात आहे, तेही चूक का?

रामबागकर: तेवढं मान्य. पण पांढऱ्या पेशींची पकड अडवणारंच दुसरं औषध, नॅटालिझुमॅब, मेंदूच्या संसर्गामुळे २००५मध्ये बाजारातून काढावं लागलं, २००६मध्ये आलं ते कडक अटींवर, हेही लिहायचं होतंत.

सुदामानगरवाला: लिहायला हवं होतं. वडिलांच्या हृदयाचं उत्तर मात्र तुम्हीही दिलं नाहीत.