फ्रेम लांबवून तेजोमेघ उजळत नाही

अंगणातून दहा-दहा मिनिटांच्या फ्रेम (म्हणजे एकेक फोटो) घेऊनही रोझेट तेजोमेघ दिसत नाही, आभाळ तेवढं नारिंगी होतं, म्हणताय. होणारच! दिव्यांनी उजळलेल्या आभाळाचा गोंगाट कॅमेऱ्याच्या रीड नॉइजला (फोटो वाचून घेताना कॅमेरा स्वतःच घालतो त्या गोंगाटाला) एकदा पुरून उरला, की फ्रेम लांबवून हाती काही लागत नाही. हिस्टोग्रामचा, म्हणजे फोटोतला उजेड-अंधार दाखवणाऱ्या आलेखाचा, उंचवटा डाव्या, काळ्या कडेपासून सुटला की थांबा. खरी गंमत सगळ्या फ्रेम मिळून होणाऱ्या एकूण वेळेत आहे, आणि ती जरा महाग पडते: सिग्नल-नॉइज गुणोत्तर (गोंगाटाच्या मानाने खरा प्रकाश किती ते) दुप्पट हवं तर वेळ चौपट.

पण मला वेगळाच संशय आहे. कॅमेरा मॉडिफाय केलेला, म्हणजे आतला लाल अडवणारा फिल्टर बदललेला, आहे का? रोझेटचा लाल रंग मुख्यतः हायड्रोजन-अल्फाचा, म्हणजे हायड्रोजन वायूच्या ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा. साध्या डीएसएलआरमधला फिल्टर त्यातला बराचसा प्रकाश सेन्सरपर्यंत पोचूच देत नाही. तसं असेल तर तासन्‌तास जागून उपयोग थोडाच. कॅमेरा ठीक असेल तर ड्युअल-बँड फिल्टर (तेजोमेघांच्या प्रकाशाचे दोनच अरुंद पट्टे आत सोडणारा) लावून बघा, अंगणातून फरक लगेच कळतो. मात्र कृत्तिकांभोवतीचा निळा धूर त्याने मिळणार नाही. तो ताऱ्यांचा परावर्तित प्रकाश, त्याला अंधारं आभाळच लागतं.

आणि हो, फ्लॅट्स घ्याच, म्हणजे धुळीचे डाग नंतर वजा करता यावेत म्हणून एकसारख्या उजळ पांढऱ्याचे फोटो. मी एकदा कंटाळा केला आणि फोटोत मधोमध राखाडी मेदूवडा उमटला. सेन्सरसमोरच्या काचेवरचा धुळीचा कण, बाकी काही नाही. पांढरा टी-शर्ट दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बसवा, फोकस आणि कॅमेऱ्याचा कोन न हलवता पंचवीसेक फ्रेम काढा.