वडिलांचे पाय बधिर होतात, विसरही पडतो : हे वयामुळेच का?

प्रश्न (शेतकरी, दारव्हा तालुका) :
माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. माळकरी असल्याने मांस-अंडी त्यांनी कधीच खाल्ली नाहीत, आणि गाय विकल्यापासून दूधही चहापुरतेच येते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी बऱ्याच वर्षांपासून चालू आहे. पावसाळ्यापासून त्यांच्या तळपायांना मुंग्या येतात, चालताना चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही, आणि अंधारात अंगणात उतरताना भिंत धरावी लागते. आता नातवंडांची नावेही चुकू लागली आहेत. गावातले म्हणतात, वय झाले. रक्त कमी असल्याने लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देत आहोत. तेवढे पुरेसे आहे काय?

उत्तर (निवृत्त आरोग्यसेविका, वर्धा) :
भाऊ, तेवढ्यावर थांबू नका. बी-१२ जीवनसत्त्व भाकरी, वरण, अंबाडीची भाजी यांतून मिळत नाही. ते दूध-दही, अंडी, मांस, मासे यांतूनच येते, आणि मेटफॉर्मिनमुळे त्याचे शोषण आणखी घटते. यकृतातला साठा काही वर्षे पुरत असल्याने उणीव उशिरा उघडी पडते. खरी काळजी फॉलिक ॲसिडची वाटते, कारण बी-१२ कमी असताना नुसते तेच दिले तर रक्ताचा अहवाल सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. चप्पल निसटल्याचे न कळणे हे त्याच हानीचे लक्षण असू शकते. तपासणीत बी-१२ दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल तर उणीव धरतात. २०० ते ३०० च्या दरम्यान असेल आणि लक्षणे अशी असतील, तर डॉक्टर पुढील तपासण्या सांगतील. यात महिने घालवू नका.

उत्तर (गृहिणी, अचलपूर) :
आमच्याकडे मटण शिजते, तरीही सासूबाईंना हीच उणीव निघाली. उतारवयात जठरातील आम्ल कमी झाले की अन्नातले बी-१२ सुटे होत नाही, आणि त्या ॲसिडिटीची गोळीही वर्षानुवर्षे घेत होत्या. जवळच्या एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून नुसते सलाईनच लावत राहिले, याचा मला अजून राग आहे. इंजेक्शनांनंतर जिभेची आग थांबली, मुंग्या हळूहळू कमी झाल्या. पायांचा बधिरपणा मात्र थोडा राहिलाच.

प्रश्नकर्ता :
ताई, इंजेक्शन आयुष्यभर घ्यावे लागेल काय?

उत्तर (निवृत्त आरोग्यसेविका, वर्धा) :
ते कारणावर अवलंबून आहे. मज्जातंतूंची लक्षणे असताना सुरुवात बहुधा इंजेक्शनानेच करतात. पुढे रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळीही अनेकांना पुरते, कारण एवढ्या मात्रेतला सुमारे एक टक्का भाग जठराच्या मदतीवाचूनही शोषला जातो. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका. विसरण्यामागे थायरॉईड किंवा दुसरा आजारही असू शकतो, म्हणून तीही तपासणी करून घ्या, आणि तोवर रात्री त्यांना एकटे अंगणात जाऊ देऊ नका.