'काँक्रीट आर्ट'ला मराठीत काय म्हणावं?

पारिजात: एक लेख मराठीत आणताना अडलेय. थिओ व्हान डूसबर्ग या डच चित्रकाराने 1930मध्ये पॅरिसमध्ये आपल्या चौकोन-रेषांच्या चित्रांना 'ॲब्स्ट्रॅक्ट', म्हणजे अमूर्त, म्हणायचं नाकारलं आणि 'काँक्रीट' म्हटलं. ही चित्रं बाई, झाड, गाय यांचे तपशील गाळून झालेली नाहीत. रेषा, रंग, पृष्ठभाग हेच त्यांतलं खरं, असं त्याचं म्हणणं. मी 'मूर्त कला' लिहिलं. संपादकांनी खोडून 'भौमितिक अमूर्त' केलं. त्याने नाकारलेलंच त्याच्या तोंडी घातलं!

वऱ्हाडी: संपादकांचं बरोबर आहे. 'मूर्त' म्हटलं की वाचकाला नाक-डोळे असलेली आकृती दिसते.

रेघ: शब्दाचा संस्कृत धातू पाहा की! 'मूर्त' मूर्छ्‌वरून आला. थिजणं, घट्ट होणं. 'मूर्च्छा' त्याच घरातली. 'काँक्रीट'चं लॅटिन मूळही एकत्र येऊन घट्ट होणं असंच. इतकी नेमकी जोडी क्वचित मिळते, ती सोडू नका.

वऱ्हाडी: वाचक धातू वाचत नाही. चित्रकार गायतोंडे स्वतःच्या कामाला 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कुठल्या वस्तूचं चित्रण नसलेलं, म्हणत, तरी मराठीत त्यांना 'अमूर्त'च चिकटलं.

रेघ: चिकटलं म्हणून बरोबर ठरतं का?

ओसरी: 'ठोस कला' चालेल?

रेघ: 'ठोस' हिंदीतला.

ओसरी: 'ठोस पुरावा' रोज म्हणतो आपण. आता तो आपलाच.

वाटसरू: पवईला आयआयटीच्या आयडीसीत, म्हणजे डिझाइनच्या विभागात, शिकताना आम्ही 'काँक्रीट'च म्हणायचो. लेखात मॅक्स बिल येऊ द्या. तो काँक्रीट आर्टवाला, आणि जर्मनीतल्या उल्मच्या डिझाइन शाळेचा पहिला प्रमुख. आपले डिझायनर सुधाकर नाडकर्णी जे.जे.तून उल्मला गेले, पुढे आयडीसीत आले. ते उल्मला पोचले तेव्हा बिल शाळा सोडून गेला होता, पण पान ग्रिडवर, म्हणजे उभ्या-आडव्या रेषांच्या चौकटीवर, रचायची शिस्त तिथे होतीच. चित्रातली रेघ छापील पानापर्यंत अशी पोचते.

पारिजात: हे घेतेच. पण ग्रिडला काय लिहू? 'जाळी' खिडकीची वाटते.

ओसरी: वडील छापखान्यात होते. ते 'आखणी' म्हणायचे.

रेघ: आखणी ही क्रिया. ग्रिड ही वस्तू.

वऱ्हाडी: 'ग्रिड'च ठेवा, पानं लावणारे सगळे तेच म्हणतात.

पारिजात: बरं, आणि 'काँक्रीट'चं?

ओसरी: रेघ, शिंपी कापडावर खडूने आखणी करतो आणि 'आखणी पुसली' असंही म्हणतो. पुसली जाते ती क्रिया कशी असेल?