मदत हवी आहे: जुना व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूब) गिटार अ‍ॅम्प्लिफायर ओळखणे आणि दुरुस्त करणे

नमस्कार. न्यू जर्सीत घरगुती सामानाच्या विक्रीत मला एक छोटा गिटार अ‍ॅम्प्लिफायर मिळाला. त्यावर नावाची पट्टी नाही, आतला व्हॉल्व्हचा तक्ता फाटलेला आहे आणि खोक्यावर कोणीतरी नंतर काळे रेक्झिन चढवलेले आहे. आत १२एएक्स७, ६व्ही६ आणि ५वाय३ असे तीनच व्हॉल्व्ह, आठ इंची स्पीकर आणि आवाजाचे एकच बटण आहे, त्यामुळे हा फेंडर कंपनीचा चॅम्प असावा असा माझा अंदाज आहे. स्पीकरवर २२०८३२ हा आकडा आहे. २२० म्हणजे स्पीकर बनवणारी जेन्सेन कंपनी आणि पुढचे अंक १९५८ चा ३२ वा आठवडा दाखवतात. अर्थात स्पीकर बदललेलाही असू शकतो, म्हणून एवढ्यावर अ‍ॅम्प्लिफायरचे वय ठरवणे मला पटत नाही. व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरवरचा (बटणामागच्या बदलत्या रोधकावरचा) आकडा गंजाखाली गेला आहे. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ (हा बनवणाऱ्या कंपनीचा संकेतांक) वाचता येते, पुढचे पुसट आहे.

वायर दोन पिनांची असून विजेची एक तार आणि चासी (आतला धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये कपॅसिटर जोडलेला आहे. तो काढून अर्थिंगसह तीन पिनांची वायर बसवणार आहे. सुरक्षेपुढे मूळपणाचा आग्रह मला गैर वाटतो. प्रश्न फिल्टर कपॅसिटरचा (वीजपुरवठा स्थिर करणाऱ्या कपॅसिटरचा) आहे: १६, ८ आणि ८ मायक्रोफॅरडचे मूळ कपॅसिटर फुगलेले दिसत नसले, तरी न तपासता बदलावेत का? तसेच हे सर्किट ५एफ१ (चॅम्पच्या सर्किटची एक आवृत्ती) आहे की आधीचे, हे चासीवरून कसे ओळखावे?