चैत्रातली सकाळ, रान आणि पाखरं : तुमचे अनुभव

आज गॅलरीत कपडे वाळत घालताना तांबटाचं टुक टुक सुरू झालं आणि आजोळची देवराई आठवली. संगमेश्वरकडचं गाव. चैत्रात मामा पहाटे साडेपाचला उठवायचा. एकदा बेहेड्याखाली तासभर बसवलं, हलू दिलं नाही. वर खोडात ढोली, तोंड लिंपलेलं, मधे बोटभर फट. ककणेराची, म्हणजे धनेश पक्ष्याची, मादी आत कोंडून बसलेली. मग पंखांचा मोठा आवाज आला, नर फांदीवर बसला. गळ्यातून एकेक उंबर वर काढायचा, चोचीच्या टोकात धरायचा, फटीतून आत द्यायचा. मी मोजली, चौदा. मामा म्हणाला, "आता दोन महिन्यांवर हेच. हा आला नाही तर आत तिचं कठीण." मामाला जाऊन सहा वर्षं झाली. तुम्हीही लिहा ना.

पळसपान
डोळ्यांत पाणी आलं गं. तो बेहेडा आहे का अजून?

धागाकर्ती
आहे. देवाचं रान म्हणून राहिलाय. शेजारच्या खासगी रानातली जुनी झाडं गेली. ढोली जुन्या खोडालाच पडते, नवीन रोपं लावून ती कुठून येणार?

वैदर्भी
नागझिरा, मार्च. पळस पेटलेला, काटेसावरीवर मैना, कोतवाल, बुलबुल यांची झुंबड. एका बुलबुलाचं कपाळ परागानं पिवळं झालेलं. आम्ही पाऊण तास एकाच झाडाखाली. पुढे गेलोच नाही.

टेकडीवाला
सिंहगडाच्या पायथ्याची दरी. स्वर्गीय नर्तक ओढ्यात डुबकी मारून फांदीवर, पांढरी शेपूट निथळतेय. पण एक सांगतो. फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलावणारे भेटतात, ते बघून फार त्रास होतो. विणीचे दिवस असतात, तो बिचारा घरटं सोडून भांडायला येतो. कृपा करून नका करू.

पळसपान
+१. बरं, गोचिडींचं काय करता? मागच्या वेळी मुलीच्या कानामागे निघाली.

वैदर्भी
पँट मोज्यात खोचायची. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, अंग नीट तपासायचं. डबा काय नेता सगळे? आमच्याकडे दशमी-चटणी ठरलेली.

खानदेशी
मेळघाटात रानपिंगळा बघितला, सकाळी आठला, उघड्या फांदीवर ऊन खात. घुबडाच्या जातीचा पण दिवसा हिंडतो. शंभरावर वर्षं नोंद नव्हती, १९९७ ला आमच्या शहाद्याजवळ परत सापडला. तो समोर बसलाय म्हटल्यावर दुर्बीण धरलेला हात थरथरत होता.

शेतावरून
आमच्याकडे पावशा लागलाय, पेरते व्हा पेरते व्हा. वडील चुलीपाशी बसून ऐकतात, मग बियाण्याचा विषय निघतो. गाय सोडायची आहे, रात्री लिहितो.

धागाकर्ती
मामेभावाला फोन केला आत्ता. ढोली यंदाही लिंपलेली आहे म्हणाला. शनिवारी निघतेय.

टेकडीवाला
लांबूनच बघा ताई. किती उंबरं दिली ते कळवा.