लग्नाआधी ‘मॅरेज लायसन्स’ काढावे लागते का? नाशिकमध्ये ते कोठे मिळते?

सातपूरचा दादा (प्रश्न):
माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न जानेवारीच्या अखेरीस नाशिकलाच ठरले आहे. नियोजित वर मूळचे जळगावचे असून नोकरीनिमित्त न्यू जर्सीत असतात. दिवाळीत साखरपुड्यासाठी ते दहा दिवस येतील आणि नंतर थेट लग्नाच्या आठ दिवस आधी. परवा फोनवर त्यांनी “मॅरेज लायसन्स कधी काढायचे?” असे विचारले आणि मी निरुत्तर झालो. त्यांच्याकडे म्हणे लग्नाआधी स्थानिक निबंधकाकडे अर्ज करावा लागतो, 72 तासांनी परवाना मिळतो आणि मिळाल्यापासून 30 दिवसांत लग्न लावावे लागते. त्यांचा मूळ हेतू असा की विवाह प्रमाणपत्र समारंभाच्या आधीच हाती यावे, म्हणजे बहिणीच्या एच-4 व्हिसाचा (अमेरिकेत नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसाचा) अर्ज लवकर करता येईल. ओळखीचा एक एजंट म्हणतो, “दोन दिवसांत प्रमाणपत्र काढून देतो, गुरुजींची सही मी आणतो, तुम्ही फक्त हार घातलेला एक फोटो द्या.” हा मार्ग धरावा का? दोन्ही कुटुंबे हिंदू आहेत.

पायरी चढलेला:
दादा, एजंटाला आजच नमस्कार करा. आपल्याकडे लग्नाचा परवाना असा काही प्रकार नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 प्रमाणे लग्न होते ते विधींनी, आणि सप्तपदी हा विधीचा भाग असेल तर सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. नोंदणी ही झालेल्या लग्नाची असते, होणाऱ्या लग्नाची नव्हे. व्हिसासाठी किंवा परदेशी जाण्यासाठी विधी न करताच प्रमाणपत्र काढून ठेवण्याच्या या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट बोट ठेवले. विधी झालेलेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने कोणी पतिपत्नी होत नाही, असा त्या आदेशाचा आशय आहे. शिवाय तुमच्या प्रमाणपत्रावर नोव्हेंबरची तारीख आणि लग्नपत्रिकेवर जानेवारीची, हे व्हिसा अधिकाऱ्याला समजावत बसण्याची वेळ बहिणीवर येईल ती वेगळीच.

लग्नाआधी कागद करण्याचा कायदेशीर मार्ग एकच, तो म्हणजे विशेष विवाह कायदा, 1954. त्यात विवाह अधिकाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात नोटिशीपूर्वी किमान 30 दिवस वास्तव्य हवे; तुमची बहीण सातपूरलाच राहत असल्याने ती अट पुरी होते. नोटीस प्रसिद्ध झाल्यावर 30 दिवस हरकतीची वाट पाहिली जाते आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर ती रद्द होऊन सगळे पहिल्यापासून करावे लागते. म्हणजे 12 नोव्हेंबरच्या सुमारास नोटीस दिली, तर विवाहाची मुदत साधारण डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मिळते. मात्र हा खराखुरा विवाह असतो. नंतर मंडपात अक्षता पडल्या तरी कायद्याच्या लेखी लग्नाची तारीख आधीचीच राहील, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच सांगा.

गोदाकाठची सून:
आम्ही याच कायद्याने विवाह केला, म्हणून दोन गोष्टी सांगते. नोटिशीचा अर्ज आता नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर भरता येतो, तरी दिवाळीच्या सुट्ट्या वगळून कामाचे दिवस मोजा. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज कार्यालयात कोणी भेटेल या भ्रमात राहू नका. दुसरे असे की वराचा कायमचा पत्ता जळगावचा असेल, तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही ती फलकावर लागते. माझ्या दिरांनी ती वाचली आणि आम्ही घरी सांगण्याआधीच सगळ्या आळीला कळले. तुमचे लग्न ठरवून आहे, तेव्हा लपवण्यासारखे काही नाही, पण जळगावच्या मंडळींना कल्पना देऊन ठेवा.

विवाहाच्या दिवशी दोघांनी विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार करत असल्याचे तोंडाने म्हणायचे असते, ते मराठीत म्हटले तरी चालते. ते एकच वाक्य म्हणताना माझा आवाज असा काही चिरकला की साहेबांनी पाणी मागवले. “या कायद्याने लग्न केले की वारसाहक्क बदलतो” असे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. 1976 च्या दुरुस्तीनंतर दोघेही हिंदू असतील तर तसे होत नाही.

सातपूरचा दादा:
दोघांचेही आभार. पण हिशेब मांडल्यावर लक्षात आले की डिसेंबरमध्ये ते इथे नसतीलच. म्हणजे जानेवारीत उतरल्या उतरल्या विवाह केला तरी जेमतेम आठवडा वाचतो. एवढ्यासाठी दोन तारखांचा घोळ करावा असे मला तरी वाटत नाही.

पंचवटीकर:
योग्य विचार. मग महापालिकेच्या विभागीय कार्यालयात नोंदणी करा. तुमच्यासाठी सातपूर विभाग. महाराष्ट्राच्या 1998 च्या कायद्यानुसार लग्नापासून 90 दिवसांची मुदत आहे, पण तुमची खरी मुदत पाहुण्यांच्या परतीच्या तिकिटाची, कारण वधू-वर आणि तीन साक्षीदार प्रत्यक्ष लागतात. तेव्हा फिरायला जाण्याचा बेत नोंदणीनंतर ठेवा, आणि साक्षीदार लग्नानंतरही नाशिकमध्ये असतील असेच निवडा. पुण्याच्या मामांना पुन्हा बोलावणे जिवावर येते.

आमच्याकडे काय झाले ते सांगतो. नमुना ‘ड’ हे ज्ञापनपत्र, म्हणजे विवाह नोंदणीचा फॉर्म, घरच्या कपाटात राहिले आणि गुरुजी दुपारच्या दुसऱ्या मुहूर्तासाठी पिशवी उचलून निघून गेले. त्यांची सही घेण्यासाठी मी चार दिवस स्कूटरवर त्यांच्या मागे फिरलो. शेवटी ते रामकुंडावर एका श्राद्धात सापडले आणि ओल्या हाताने केलेली सही पसरली म्हणून फॉर्म पुन्हा भरावा लागला. त्यामुळे फॉर्मच्या दोन प्रती आणि पेन मंडपात एका जबाबदार माणसाच्या खिशात ठेवा, आणि गुरुजींना दक्षिणा देण्यापूर्वी सही व त्यांच्या आधार कार्डाची प्रत घ्या. पत्रिका छापायला देताना मुलीचे नाव पासपोर्टवर आहे तसेच टाका. आमच्या पत्रिकेवर ‘चि. सौ. कां. बेबी’ छापले होते आणि खिडकीपलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारले, “ही बेबी कोण?”