‘शारदा’ नाटकामुळे शारदा कायदा आला? पुरे करा आता!

खडूस_वाचक: परवा इथेच एकाने ठोकून दिलं, “देवलांच्या ‘शारदा’ने समाज असा हलला की सरकारला बालविवाह रोखणारा शारदा कायदा करावा लागला.” खाली बदामांचा पाऊस. अहो, नाटक १८९९चं, कायदा १९२९चा. विधेयक मांडणारे अजमेरचे हरबिलास सारडा, त्यांच्यावरून नाव. आपण ‘सारडा’चं ‘शारदा’ केलं आणि मधली तीस वर्षं गिळली! बरं, नाटक वाचलंय कुणी? पाऊणशे वर्षांच्या भुजंगनाथाचं शारदेशी लग्न मुलगी लहान म्हणून मोडत नाही, गोत्र एक निघतं म्हणून मोडतं. गोत्र वेगळं असतं तर? ही म्हणे सुधारणा.

चाफेकळी: नावाचं मान्य. पण नाटकाने कायदा होत नसतो, लाज वाटायला लागते. आमचे एक चुलत पणजोबा साठीला तिसऱ्यांदा बोहल्यावर चढायला निघाले, तर त्यांच्या बहिणीने ओटीवर बसून ‘शारदे’तलं ते म्हाताऱ्याचं पद म्हणायला घेतलं. रोज, ते जेवायला बसले की. बेत बारगळला.

खडूस_वाचक: म्हणजे श्रेय आत्याबाईंचं. देवलांना कशाला ओढता?

चाफेकळी: पद काय आत्याबाईंनी लिहिलं होतं?

दप्तरदार: कायदे पुस्तकांतून येत नाहीत, मढी पडल्यावर येतात. कलकत्त्याची बालवधू फुलमणी नवऱ्याच्या जबरदस्तीने गेली, तेव्हा कुठे १८९१ला मुलींचं शरीरसंबंधाचं संमतिवय दहाचं बारा झालं. तेही केवढा विरोध पत्करून.

सूरवेडा: नाटकाला लोक पदांसाठी जायचे हो. सुधारणा कोण बघत होतं! आणि हल्ली ती पदं जो तो गातो, शब्द कळत नाहीत, नुसत्या ताना…

दप्तरदार: झालं, आले ताना घेऊन. दर धाग्यावर हेच.

सूरवेडा: तुम्हाला कान नाहीत त्याला मी काय करू?

माजघर: भांडा तुम्ही. माझ्या आजीचं लग्न १९३०च्या फाल्गुनातलं. १ एप्रिलपासून कायदा लागू, मुलीला चौदा पूर्ण हवीत. म्हणून त्याआधी एका मांडवात तिघी बहिणी उजवल्या. आजी आठ वर्षांची. धाकटी झोपलेलीच, मामाने कडेवर धरून तिच्यावर अक्षता पाडून घेतल्या. आणि रात्री पंगत उठल्यावर व्याह्यांच्या आग्रहावरून कुणीतरी पद म्हटलं. ‘शारदे’तलंच. सगळे वाहवा म्हणाले. हे आजी हसत सांगायची, आम्हाला हसू यायचं नाही.

सूरवेडा: बघा! मी काय म्हणत होतो?

चाफेकळी: माजघर, ह्याला उत्तर नाही माझ्याकडे. तरी आमचे पणजोबा थांबले, एवढं खरं.

खडूस_वाचक: बरं बाई, एक म्हातारा थांबवला देवलांनी. लिहून ठेवतो. पण यापुढे कायद्याला ‘सारडा’ म्हणायचं.

दप्तरदार: आधी तुमच्या प्रोफाइलवर ‘शारदा कायद्याचा अभ्यासक’ लिहिलंय ते बदला.